इन्सुलिनच्या आधीची बत्तीस वर्षे

शरीरातल्या काही अवयवांचे नशीब मोठे असते. उर्दू शायरी दिल आणि जिगर या दोन अवयवांच्या बळावर उभी आहे. मराठीतही ‘काळीज’ आहेच. आईचे काळीज लेकरासाठी तीळ तीळ तुटते, कोणाचे दगडाचे असते, कोणाचे वाघाचे. लबलब्याच्या वाट्याला मात्र एखादा शेर आलेला माझ्या तरी वाचनात नाही. लबलबा म्हणजे आपले स्वादुपिंड. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पडलेला, वीतभरही लांब नसलेला हा अवयव. तो नीट काम करीत असतो तोवर तो आहे याची आठवणही कोणाला होत नाही.

रमजान आला की मात्र घराघरांत त्याच्याच कामाची चर्चा सुरू होते. सहरीला गोळी घ्यायची की इफ्तारला, इन्सुलिनचे युनिट किती कमी करायचे, दुपारी घाम फुटला आणि हात थरथरू लागले तर रोजा सोडायचा का, हे प्रश्न मधुमेह असलेल्या घरांत आता नेहमीचे झाले आहेत. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक साधे सत्य आहे. अन्नातून आलेली साखर शरीराने वापरावी यासाठी स्वादुपिंडातून एक द्रव्य थेट रक्तात जावे लागते. आज हे शाळेच्या पुस्तकात आहे. १८८९ पूर्वी हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते.

ज्यांच्या हातून हे सत्य उजेडात आले, त्या डॉक्टरांचे नाव ऑस्कर मिंकोव्स्की. इन्सुलिन म्हटले की टोरांटोचे बँटिंग आणि बेस्ट आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या आधी बत्तीस वर्षे ज्याने दार दाखवले आणि जो ते दार उघडण्याची वाट पाहत म्हातारा झाला, त्याची गोष्टही सांगायला हवी.

कौनास ते स्ट्रासबर्ग

मिंकोव्स्की यांचा जन्म १३ जानेवारी १८५८ रोजी कौनास शहरालगतच्या अलेक्सोतास या गावी झाला. आज हा भाग लिथुआनियात आहे, तेव्हा तो रशियन साम्राज्यात होता. घर ज्यू व्यापाऱ्याचे. रशियात ज्यूंवर असलेली बंधने आणि रोजचा जाच यांना कंटाळून हे कुटुंब १८७२ मध्ये जर्मनीतील क्योनिग्सबर्ग येथे येऊन राहिले. घरात बुद्धी अशी की धाकटे भाऊ हेरमान मोठे गणिती झाले. झुरिचमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन त्यांचा विद्यार्थी होता. स्थळ आणि काळ यांना एकत्र गुंफून पाहण्याचे गणित आजही हेरमान यांच्या नावाने ओळखले जाते.

ऑस्कर यांनी वैद्यक निवडले. १८८१ मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठाची पदवी घेऊन ते बर्नहार्ड नाउनिन या नामवंत प्राध्यापकांचे साहाय्यक झाले. नाउनिन यांचा विषय यकृत आणि मधुमेह. त्यांच्या विभागात सकाळी वॉर्डात रुग्ण पाहायचे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा, अशी शिस्त होती. रुग्णाच्या खाटेजवळ पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा आणि तिथले उत्तर पुन्हा खाटेजवळ आणायचे, हे मिंकोव्स्की इथे शिकले.

या शिस्तीचे पहिले फळ १८८४ मध्ये हाती आले. मधुमेह बळावून बेशुद्धीकडे चाललेल्या रुग्णांच्या लघवीत एक विशिष्ट आम्ल असते, हे मिंकोव्स्की यांनी ओळखले. आज दवाखान्यात लघवीतले किंवा रक्तातले ‘कीटोन’ तपासतात, त्या तपासणीच्या मुळाशी ज्यांचे काम आहे, त्या मोजक्या संशोधकांत ते एक. १८८८ मध्ये नाउनिन स्ट्रासबर्गला गेले तेव्हा मिंकोव्स्कीही त्यांच्यासोबत गेले. स्ट्रासबर्ग त्या काळी जर्मनीच्या ताब्यात होते.

प्रश्न एक, उत्तर दुसरेच

१८८९ च्या एप्रिल महिन्यात मिंकोव्स्की काही पुस्तके पाहण्यासाठी होप-झायलर यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात गेले. तिथे त्यांची गाठ योसेफ फॉन मेरिंग या डॉक्टरांशी पडली. फॉन मेरिंग यांनी पचायला हलके असे एक तेल रुग्णांसाठी सुचवले होते. बोलता बोलता विषय निघाला, चरबी पचायला स्वादुपिंडाचा रस खरोखर आवश्यक आहे का? हे तपासायचे तर प्राण्याचे स्वादुपिंड काढून पाहायला हवे. पण पूर्ण स्वादुपिंड काढल्यावर प्राणी जगत नाही, असे तेव्हा मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. मिंकोव्स्की यांना ते पटले नाही. कुत्रा मिळाला तर आजच करून दाखवतो, अशा अर्थाचे काही ते बोलले आणि त्याच दिवशी त्यांनी शस्त्रक्रिया केली. फॉन मेरिंग मदतीला होते.

कुत्रा जगला. मात्र लगेचच फॉन मेरिंग यांना सासरे आजारी असल्याचे कळले आणि त्यांना दुसऱ्या गावी जावे लागले. पिंजरा रिकामा नसल्याने कुत्र्याला प्रयोगशाळेतच बांधून ठेवले होते. घरात घाण न करण्याची सवय लावलेला तो कुत्रा आता सारखा जमिनीवर लघवी करू लागला. मिंकोव्स्की नोकरावर रागावले, याला वेळेवर बाहेर का नेत नाहीस म्हणून. नोकराचे म्हणणे असे की, नेतो साहेब, पण आत आणला की तो लगेच पुन्हा करतो.

दुसरा कोणी असता तर नोकराला आणखी दोन शब्द सुनावून पुढे गेला असता. मिंकोव्स्की नाउनिन यांच्या वॉर्डात घडलेले डॉक्टर होते. सारखी लघवी होणे हे मधुमेही रुग्णाचे पहिले लक्षण त्यांनी शेकडो वेळा ऐकले होते. त्यांनी जमिनीवरची लघवी गोळा करून तपासली. तिच्यात १२ टक्के साखर निघाली.

इथे एक दंतकथा आहे, ती बाजूला ठेवू. कुत्र्याच्या लघवीवर माश्या घोंगावू लागल्या आणि त्यावरून नोकराच्या लक्षात आले, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. खुद्द मिंकोव्स्की यांनी पुढे हे नाकारले. माश्या नव्हत्या. होती ती एका नोकराची तक्रार आणि ती नीट ऐकून घेणारा एक डॉक्टर.

आता त्यांचा खरा गुण पाहा. एवढा मोठा शोध समोर दिसत असताना त्यांनी आधी स्वतःवरच शंका घेतली. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून मिळणाऱ्या एका द्रव्यामुळे लघवीत साखर उतरते, हे फॉन मेरिंग यांनीच काही वर्षांपूर्वी दाखवले होते. या कुत्र्यावर तो प्रयोग आधी झाला असेल तर? म्हणून मिंकोव्स्की यांनी आणखी तीन कुत्रे घेतले. त्यांच्या लघवीत साखर नाही याची आधी खात्री केली आणि मग त्यांचे स्वादुपिंड काढले. तिघांनाही मधुमेह झाला. तेव्हा कुठे ते लिहायला बसले. फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की या दोघांच्या नावांनी ते निष्कर्ष १८८९ मध्येच प्रसिद्ध झाले.

या मुक्या जनावरांचा जीव या ज्ञानात खर्ची पडला, हेही सांगायला हवे. जग त्या कुत्र्यांचे देणे लागते.

कातडीखालचा तुकडा

पण एवढ्याने काम संपत नव्हते. स्वादुपिंड काढल्याने मधुमेह का झाला? त्याचा पाचक रस आतड्यात पोहोचेनासा झाला म्हणून, की त्या अवयवाचे आणखी काही काम आहे म्हणून? शस्त्रक्रियेत जवळच्या नसांना इजा झाली असेल, अशी शंकाही काही विद्वान घेत होते.

मिंकोव्स्की यांनी यावर जो प्रयोग केला, तो वैद्यकातला फार देखणा प्रयोग आहे. त्यांनी स्वादुपिंडाचा एक तुकडा कुत्र्याच्या पोटाच्या कातडीखाली जगवला आणि मग आतले उरलेले स्वादुपिंड काढून टाकले. कातडीखालच्या त्या तुकड्याचा आतड्याशी काहीही संबंध नव्हता. तरीही कुत्र्याला मधुमेह झाला नाही. नंतर कातडीखालचा तुकडा काढताच मधुमेह उसळला. अर्थ स्पष्ट होता. या अवयवातून काहीतरी सरळ रक्तात जाते आणि तेच साखरेवर ताबा ठेवते. ते आतड्याच्या वाटेने जात नाही, नसांचाही त्यात हात नाही.

पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्येच स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके पाहिले होते. त्यांचे काम काय हे त्याला सांगता आले नव्हते. आता संशोधकांची नजर त्या पुंजक्यांकडे वळली. ते रक्तात जाणारे ‘काहीतरी’ तिथेच तयार होत असावे, हा विचार १८९० च्या दशकात मूळ धरू लागला.

माहीत आहे, पण देता येत नाही

इथून पुढची वर्षे मात्र अवघड होती. रोगाचे मूळ सापडले, म्हणजे औषधही आता आलेच, असे आपल्याला वाटते. शरीरात जे कमी पडते आहे ते जनावराच्या स्वादुपिंडातून काढून रुग्णाला टोचावे, हा विचार उघड होता. मिंकोव्स्की यांनी स्वतः प्रयत्न केले आणि इतर अनेकांनीही केले. हाती काही लागले नाही. स्वादुपिंड वाटले, कुटले की त्यातले पाचक रसच त्या हव्या असलेल्या द्रव्याचा नाश करतात, असे त्या काळी मानले जाई. त्यात रक्तातली साखर वारंवार मोजण्याची सोपी पद्धतही तेव्हा नव्हती.

वॉर्डातले रुग्ण तर थांबणारे नव्हते. लहान मुलांना होणारा मधुमेह म्हणजे त्या काळी मृत्यूचाच निरोप. डॉक्टरांच्या हातात एकच उपाय उरला होता, आहार तोडणे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी तर उपासमारीचीच उपचारपद्धती बसवली. त्यातून काही मुले काही महिने, क्वचित काही वर्षे जास्त जगली, पण हाडांचा सापळा होऊन. रोजेदाराला भूक म्हणजे काय हे ठाऊक असते. पण आपली भूक आपण नियत करून स्वीकारलेली असते आणि मगरिबच्या अजानबरोबर ती संपते. त्या मुलांची भूक कोणत्याच संध्याकाळी संपत नव्हती.

अशा काळात बर्लिनचे डॉक्टर गेओर्ग त्सुल्झर यांनी स्वादुपिंडापासून एक अर्क तयार केला आणि १९०८ मध्ये काही रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. लघवीतली साखर कमी होत होती. हा अर्क पारखण्याचे काम ब्रेस्लाऊ येथे, मिंकोव्स्की यांच्याच विभागात झाले. ब्रेस्लाऊ म्हणजे आज पोलंडमधले व्रोत्सवाफ. तिथले डॉक्टर फोर्शबाख यांनी अर्क वापरून पाहिला. साखर उतरत होती हे त्यांनी मान्य केले. पण रुग्णांना ताप, उलट्या असे इतके त्रास झाले की हे औषध माणसांना देण्याजोगे नाही, असा निर्णय १९०९ मध्ये देण्यात आला.

हा निर्णय बरोबर होता का? मागे वळून पाहणाऱ्यांपैकी काहींना वाटते की त्सुल्झर यांच्या अर्कात इन्सुलिन होते आणि तेव्हा धीर धरून तो शुद्ध करण्याचे काम चालू ठेवले असते तर बारा-तेरा वर्षे वाचली असती. ती वर्षे म्हणजे किती मुले, याचा हिशेब करवत नाही. पण दुसरी बाजूही आहे. ज्या माणसाने आयुष्यभर या औषधाची वाट पाहिली, त्याच्याच दारात ते अर्धवट रूपात आले होते. ते खरे ठरावे अशी इच्छा त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? तरीही समोरच्या रुग्णाला होणारा त्रास त्या विभागाने झाकला नाही. आशा आणि पुरावा यांत निवड करायची वेळ आली तेव्हा तिथे पुरावा निवडला गेला. डॉक्टरांसमोर हा पेच आजही रोज येतो, आणि आजही त्याचे सोपे उत्तर नाही.

प्राध्यापकपदाची वाट

या सगळ्या काळात मिंकोव्स्की यांचा स्वतःचा प्रवासही सोपा नव्हता. जर्मन विद्यापीठांत ज्यू वंशाच्या विद्वानांना पूर्ण प्राध्यापकपद मिळणे त्या काळी फार कठीण होते. १८८९ चा शोध नावावर असलेल्या या माणसाला ते पद ग्राइफ्सवाल्ड येथे मिळाले, तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती. मधली काही वर्षे त्यांनी कोलोनच्या रुग्णालयात काढली. १९०९ मध्ये ते ब्रेस्लाऊला आले आणि १९२६ पर्यंत तिथेच राहिले. ब्रेस्लाऊला येण्याच्या त्याच वर्षी भाऊ हेरमान अपेंडिक्सच्या दुखण्याने गेले, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी.

काम मात्र थांबले नाही. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या एका प्रकारच्या काविळीचे त्यांनी १९०० मध्ये केलेले वर्णन आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. कीर्ती अशी की १९२३ मध्ये आजारी लेनिन यांना तपासण्यासाठी जे जर्मन डॉक्टर मॉस्कोला बोलावले गेले, त्यांत मिंकोव्स्की होते.

टोरांटोहून आलेली बातमी

१९२० च्या ऑक्टोबरअखेर कॅनडात फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यविशारदाने एक लेख वाचला. स्वादुपिंडाच्या नळीत खडा अडकल्यावर काय होते, याविषयीचा तो लेख होता. नळी बंद झाली की पाचक रस करणाऱ्या पेशी मरतात, पण लांगरहान्सचे पुंजके टिकतात. मग त्यांतूनच अर्क काढला तर? १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. अर्क तयार झाला की त्याची परीक्षा कशी घ्यायची? स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तो टोचायचा आणि साखर उतरते का पाहायचे. म्हणजे टोरांटोतला प्रत्येक दिवस मिंकोव्स्की यांच्या प्रयोगावर उभा होता.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. उपासमारीच्या उपचाराने त्याचे वजन ३० किलोच्याही खाली आले होते. पहिला अर्क अशुद्ध होता, फायदा जेमतेम झाला आणि सुई टोचलेल्या जागी गळू झाले. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलाची साखर खाली आली. ब्रेस्लाऊने तेरा वर्षांपूर्वी जो दोष दाखवला होता, तोच टोरांटोत आधी दूर करावा लागला, मगच औषध औषध झाले.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. मिंकोव्स्की यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले होते, पण ते त्यांना कधीच मिळाले नाही. या वाटणीवरून टोरांटोत मोठे रुसवेफुगवे झाले. बँटिंग यांनी आपल्या वाट्यातले अर्धे पैसे बेस्ट यांना दिले, मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांना. ज्येष्ठ मिंकोव्स्की यांच्याविषयी मात्र वेगळाच किस्सा सांगितला जातो. टोरांटोहून इन्सुलिन हाती आले तेव्हा ते म्हणाले म्हणे की, आपण इन्सुलिनचे वडील होऊ अशी आशा होती, आता आजोबा म्हणवून घेण्यातही आनंद आहे. शब्द नेमके कसे होते कोण जाणे, पण वागणे या किस्स्याला साजेसे होते. जर्मनीत इन्सुलिन नीट आणि शुद्ध रूपात रुग्णांपर्यंत पोहोचावे यासाठी जी समिती झाली, तिची धुरा साठी ओलांडलेल्या मिंकोव्स्की यांनीच वाहिली. दुसऱ्याच्या हातून पुरे झालेले काम त्यांनी आपले मानून पुढे नेले.

१८ जुलै १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. दीड वर्षाने हिटलर सत्तेवर आला. मुलगा रुडॉल्फ खगोलशास्त्रज्ञ होता, त्याने १९३५ मध्ये अमेरिका गाठली. पत्नीला पुढे अर्जेंटिनात आसरा घ्यावा लागला. ज्या देशाच्या वॉर्डांत आणि प्रयोगशाळांत या माणसाने आयुष्य घालवले, त्या देशात त्याच्या घरच्यांना जागा उरली नाही.

आज मधुमेहाच्या अभ्यासासाठी काम करणारी युरोपातील संघटना तरुण संशोधकांना दरवर्षी मिंकोव्स्की यांच्या नावाने पारितोषिक देते. १९६६ पासून ते दिले जाते. तरुणांनाच ते मिळावे यात एक अर्थ आहे. स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत कुत्र्याची लघवी तपासायला वाकलेले मिंकोव्स्की तेव्हा ३१ वर्षांचे होते. विचारलेला प्रश्न चरबीचा होता, उत्तर साखरेचे मिळाले, आणि ते उत्तर रुग्णाच्या उपयोगी पडायला बत्तीस वर्षे लागली. उर्दूत ज्याला सब्र म्हणतात, ती हात बांधून बसण्याची गोष्ट नाही. आपल्या वाट्याचे काम चोख करायचे, खोटी आशा विकायची नाही, आणि फळ दुसऱ्याच्या झाडाला लागले तरी ते भुकेल्यापर्यंत पोहोचवायला आपण पुढे व्हायचे, हाही सब्रच आहे.